नर्सिंग कॉलेजात शिकवणं आणि प्रोग्रॅम सांभाळणं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वॉर्ड सोडून कॉलेजात आलेल्या आणि आल्या-आल्या हातात रोटेशन प्लॅनचा (कोणता गट कधी कोणत्या वॉर्डात जाणार याचा) कागद पडलेल्या ट्यूटरांकडून हे प्रश्न येत राहतात. शब्द बदलतात, प्रश्न तेच असतात. एकाचं उत्तर बरेचदा दुसऱ्यात अडकलेलं असतं, म्हणून क्रमांक दिले आहेत. किमान तास, हजेरीची टक्केवारी, शिक्षकांची पात्रता हे सगळं तुमच्या नर्सिंग परिषदेच्या आणि विद्यापीठाच्या नियमांत बघा. ते जागोजागी वेगळं असतं.

१. मी दहा वर्षं वॉर्डात काम केलं, पण शिकवलं कधीच नाही. जमेल का मला?

जमेल, पण वॉर्डातला अनुभव सुरुवातीला थोडा आडवा येतो. अमेरिकन नर्सिंग अभ्यासक पॅट्रिशिया बेनर यांनी १९८४ मध्ये नर्सच्या प्रवासाचे पाच टप्पे मांडले, नवशिकीपासून निष्णात नर्सपर्यंत. निष्णात नर्स नियम आठवत बसत नाही, तिला परिस्थिती एकदम कळते. पेशंटच्या चेहऱ्याकडे बघून "याचं काहीतरी बिनसतंय" हे तुम्ही ओळखता, पण कशावरून ओळखलं ते सांगता येत नाही. विद्यार्थ्याला तर नेमकं तेच हवं असतं.

पहिल्याच महिन्यात एक करून बघा. रक्तदाब मोजण्यासारखं हातात बसलेलं काम घ्या आणि त्याच्या पायऱ्या लिहून काढा: कफ कुठे, हात किती उंचीवर, नाडी कधी चाचपायची, हवा किती वेगाने सोडायची. मी लिहायला बसले तेव्हा नऊ पायऱ्या निघाल्या. वर्गासमोर करून दाखवताना आणखी सात सापडल्या. त्या माझ्या हाताला माहीत होत्या, मला नव्हत्या.

२. "प्रोग्रॅम सांभाळायला मदत करा," असं प्राचार्यांनी सांगितलं. म्हणजे नेमकं काय करायचं?

वर्षाचा मास्टर प्लॅन, क्लिनिकल रोटेशन, वॉर्डांशी बोलणी, तासांचा आणि हजेरीचा हिशेब, इंटर्नल मार्क्स, विद्यार्थ्यांच्या तक्रारी, तपासणी समितीसाठीच्या फायली. यातलं काय तुमच्याकडे आहे हे लेखी घ्या, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे कोणता निर्णय तुम्ही स्वतः घेऊ शकता तेही लिहून घ्या. विद्यार्थ्याचा वॉर्ड बदलून देता येतो का? पोस्टिंग (वॉर्डातली शिकाऊ नेमणूक) थांबवता येतं का? काम तुमचं आणि सही दुसऱ्याची अशी अवस्था फार लवकर येते.

३. रोटेशन प्लॅन करायला कुठून सुरुवात करू?

हा सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न आहे, आणि माझ्या मते विचारायलाच हवा असा. अभ्यासक्रम पुस्तकात काहीही असो, विद्यार्थ्याला प्रत्यक्षात मिळतो तो रोटेशन प्लॅनमधला.

समजा ६० विद्यार्थी आहेत. दहा-दहांचे ६ गट केले. विभागही ६ आहेत: मेडिसिन, सर्जरी, बालरोग, ऑर्थो, ऑपरेशन थिएटर, आयसीयू. प्रत्येकी २ आठवडे, म्हणजे १२ आठवडे. आठवड्याला ५ दिवस, दिवसाला ६ तास धरले तर एका विभागाचे ६० आणि एकूण ३६० तास झाले. नियमात ३६०च हवे असतील तर कागदावर सगळं चोख बसलं.

आता एक सुट्टी येऊ द्या. त्या दिवशी थिएटरला असलेल्या गटाचे थिएटरचे ६ तास गेले, आणि ते मेडिसिन वॉर्डात भरून निघत नाहीत. म्हणून तेरावा आठवडा रिकामा ठेवायचा. प्राचार्य विचारतील, "हा मोकळा का?" उत्तर द्या की तो आधीच भरलेला आहे, कशाने ते अजून कळायचंय.

दुसरी अडचण थिअरीची. पहिल्याच फेरीत आयसीयूला जाणाऱ्या गटाला व्हेंटिलेटर शिकवलेला नसतो. सगळी थिअरी आधी उरकणं शक्य नसतं, म्हणून दोन गोष्टी करा. पोस्टिंग सुरू होण्याआधी सगळ्यांसाठी मूलभूत कौशल्यांचा आठवडा ठेवा, आणि प्रत्येक फेरीच्या पहिल्या दिवशी त्या-त्या गटाला दोन तास फक्त त्या विभागाची तोंडओळख करून द्या. दर पंधरा दिवसांनी तेच पुन्हा सांगताना कंटाळा येतो, पण त्याला इलाज नाही.

तिसरी अडचण खाटांची. खाटा मोजू नका, पेशंट मोजा. मी एकदा दहा जणींना अशा वॉर्डात पाठवलं जिथे त्या आठवड्यात पाच पेशंट होते. तिघी काम करत होत्या आणि सात जणी पडदे सारखे करत होत्या. आयसीयूत दहा जणांचा गट असेल तर निम्मे आत आणि निम्मे डायलिसिस किंवा रिकव्हरीत ठेवून आठवड्याने अदलाबदल करा. त्याच वॉर्डात दुसऱ्या कॉलेजचे विद्यार्थी कधी येतात हेही आधीच विचारून घ्या.

प्लॅन मोठ्या कागदावर काढा, गट डावीकडे आणि आठवडे वर. आडवं वाचलं की एका गटाला काय मिळतंय ते दिसतं, उभं वाचलं की कोणत्या वॉर्डात गर्दी होतेय ते. शेवटी शिक्षकांची नावं त्याच कागदावर लिहा. नऊ वाजता वर्गात आणि नऊ वाजताच वॉर्डात असलेली ट्यूटर तिथे हमखास सापडते.

४. वॉर्डात एका शिक्षकामागे किती विद्यार्थी असावेत?

साध्या वॉर्डात आठ, फार तर दहा. त्यापुढे देखरेख म्हणजे नुसती हजेरी उरते. आयसीयू आणि लेबर रूममध्ये हा हिशेब चालत नाही. तिथे एका प्रिसेप्टर सिस्टरमागे (विद्यार्थ्यांना शिकवायला नेमलेल्या वॉर्डातल्याच अनुभवी नर्समागे) एक किंवा दोनच विद्यार्थी ठेवा आणि शिक्षकाने फिरत राहायचं.

५. स्लाइड्स वाचून दाखवते तेव्हा वर्ग झोपतो. काय करू?

व्याधीच्या व्याख्येपासून सुरुवात करू नका, पेशंटपासून करा. "रात्री दोनला सर्जरीच्या पेशंटची नाडी १२४ आहे, ड्रेसिंग कोरडं आहे. आधी काय बघाल?" पाच मिनिटं त्यांना भांडू द्या आणि मग शॉक शिकवा. स्लाइड्स तेवढ्याच राहतील, फक्त त्यांना कारण मिळेल.

६. स्किल लॅबमध्ये डेमो दिला, सगळ्यांनी माना डोलावल्या, आणि रिटर्न डेमोला, म्हणजे त्यांनी करून दाखवायच्या वेळी, एकाचंही जमलं नाही. कुठे चुकलं?

तुम्ही करत होता आणि त्याच वेळी बोलतही होता. नव्या माणसाला दोन्ही एकदम पकडता येत नाही. ब्रिटिश सर्जन रॉडनी पेटन यांनी १९९८ मध्ये मांडलेल्या चार पायऱ्या इथे उपयोगी पडतात. आधी न बोलता, नेहमीच्या वेगाने करून दाखवायचं. मग सावकाश, प्रत्येक पायरीचं कारण सांगत. तिसऱ्यांदा विद्यार्थ्याने तोंडाने सांगायचं आणि शिक्षकाने तसंच करायचं. चौथ्यांदा विद्यार्थ्याने बोलत-बोलत स्वतः करायचं. वेळ वाचवायला शिक्षक हमखास तिसरी पायरी गाळतात, आणि गोंधळ तिथेच पकडता येतो. विद्यार्थिनी म्हणाली, "आता कॅथेटर घाला," तर तसाच हात पुढे न्या. स्वच्छता राहिली आहे हे तिचं तिलाच आठवेल.

महागड्या मॅनिकिनसाठी (सरावाच्या बाहुलीसाठी) अडून बसू नका. नर्सिंग शिकवण्यासाठी बाहुली वापरायची पद्धत जुनी आहे. १९११ मध्ये अमेरिकेतल्या हार्टफर्ड हॉस्पिटलच्या नर्सिंग शाळेत 'मिसेस चेस' नावाची माणसाएवढी बाहुली आली. ती ना बोलायची, ना घोरायची, तरी तिच्यावर शिकून मुली वॉर्डात गेल्या.

७. वॉर्ड मिळत नाहीत. पोस्टिंगऐवजी सिम्युलेशन (लॅबमध्ये वॉर्डातला प्रसंग उभा करून सराव) चालेल का?

काही प्रमाणात चालतं, नियम परवानगी देत असतील तर. अमेरिकेतल्या नर्सिंग परवाना मंडळांच्या राष्ट्रीय परिषदेने १० नर्सिंग कार्यक्रमांत केलेला अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. पोस्टिंगचे ५० टक्क्यांपर्यंत तास सिम्युलेशनने भरले तरी ज्ञानात आणि वॉर्डातल्या कामगिरीत लक्षणीय फरक आढळला नाही. हा आकडा व्यवस्थापनाच्या लोकांना फार आवडतो. त्यामागची अट मात्र ते वाचत नाहीत: तिथले शिक्षक सिम्युलेशनसाठी खास तयार केलेले होते, प्रसंग नीट लिहिलेले होते आणि प्रत्येक प्रसंगानंतर रीतसर डीब्रीफिंग, म्हणजे काय घडलं त्यावर एकत्र बसून चर्चा, होत होतं. मॅनिकिन विकत घेऊन लॅब असिस्टंटच्या हवाली करणं म्हणजे सिम्युलेशन नव्हे. प्रसंग पंधरा मिनिटांचा असेल तर डीब्रीफिंगला अर्धा तास धरा, आणि तिथे पहिला प्रश्न "काय चुकलं?" असा नको. "त्या क्षणी तुझ्या डोक्यात काय चालू होतं?" असं विचारा.

८. वॉर्डातल्या सिस्टर आमच्या विद्यार्थ्यांना फक्त कामाला लावतात: सॅम्पल पोचव, फाइल आण. सांगायचं कसं?

भांडून नाही. वॉर्डात माणसं कमी आहेत आणि तुमचे आठ हात समोर दिसताहेत. इन्चार्ज सिस्टरच्या जागी मीही तेच केलं असतं.

पोस्टिंगच्या आठवडाभर आधी इन्चार्जना स्वतः जाऊन भेटा. हातात एक पान असू द्या: कोणते विद्यार्थी, कोणत्या वर्षाचे, काय करू शकतात, काय करू द्यायचं नाही, आणि या पंधरवड्यात त्यांनी काय शिकून जायचं आहे. विद्यार्थ्यांना कामं वाटून देऊ नका, पेशंट वाटून द्या. "रमाबाईंचं आज सगळं तू बघ" असं ठरलं की सिस्टरलाही त्यातून आराम मिळतो आणि विद्यार्थिनीलाही आख्खा माणूस दिसतो. सॅम्पल पोचवणं त्यात येईलच, आणि आलं तर बिघडलं नाही. तपासणीचा निकाल आल्यावर तो तिनेच वाचायचा, एवढं पाहा.

दुसरी बाजूही ऐका. "तुमचे ट्यूटर सही करून निघून जातात," ही सिस्टरांची तक्रार बरेचदा खरी असते. राउंडच्या वेळी तुम्ही वॉर्डात दिसलात की निम्मं भांडण मिटतं.

९. पहिल्या वर्षाची मुलगी पेशंटजवळ जायलाच घाबरते. वॉर्ड बदलून देऊ?

लगेच नको. मनोविश्लेषक इझाबेल मेन्झिस यांनी लंडनच्या एका मोठ्या रुग्णालयात विद्यार्थी नर्सेसचा अभ्यास करून १९६० मध्ये लिहिलं की काळजी आणि भीती टाळण्यासाठी यंत्रणाच सवयी लावून घेते: पेशंटऐवजी कामांची यादी, नावाऐवजी बेड नंबर आणि आजार, वारंवार बदल्या. त्याने भीती जात नाही, फक्त बोलता येत नाही. तिला एकच पेशंट द्या, शक्यतो बोलका, आणि पहिल्या दिवशी त्यांच्याशी दहा मिनिटं गप्पा मारून काय कळलं तेवढंच विचारा. भीती मृत्यूची असेल, नुकताच वॉर्डात कोणी गेला असेल, तर त्याच दिवशी तिच्याजवळ बसा. उद्यावर टाकू नका.

१०. विद्यार्थिनीने चुकीच्या पेशंटला गोळी दिली. आता पुढे काय?

क्रम पाळा. आधी पेशंट: तपासा, व्हायटल्स (नाडी, रक्तदाब, श्वास, ताप) घ्या, डॉक्टर आणि इन्चार्ज यांना लगेच सांगा. मग रुग्णालयाच्या पद्धतीने घटनेची नोंद, त्याच दिवशी, आणि पेशंटला काय व कोण सांगणार हेही डॉक्टरांशी ठरवा. कॉलेजची फाइल त्यानंतर.

मग विद्यार्थिनी. एव्हाना ती रडत असते. तिच्याकडून पहिल्यापासून ऐकून घ्या: हातात कोणतं औषध, कोणी काढून दिलं, नाव विचारलं का, मनगटावरची पट्टी बघितली का, मधे कोणी हाक मारली का. नकळत हातून झालेली चूक, सोय म्हणून लागलेली सवय आणि जाणूनबुजून केलेला बेफिकीरपणा या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीत यंत्रणा दुरुस्त करायची, दुसरीत माणसाला समजावून सवय मोडायची, तिसरीतच शिस्तीचा विषय येतो. सरसकट शिक्षा केलीत तर पुढची चूक तुम्हाला कळणारच नाही. औषध देण्याचे 'पाच अधिकार' (योग्य पेशंट, औषध, मात्रा, मार्ग आणि वेळ) शंभर वेळा लिहायला लावणं हाही त्यातलाच प्रकार. आणि शिक्षकाने स्वतःलाही एक प्रश्न विचारावा: त्या वेळी मी कुठे होते?

चूक होता-होता राहिली असेल तरी नोंद करा. ती फुकटात मिळालेली शिकवणी असते.

११. पोस्टिंगमध्ये सुई टोचली तर?

जागा साबण-पाण्याने धुवा. पिळू नका, ब्लीच लावू नका. लगेच कळवा. एचआयव्हीसाठीचं प्रतिबंधक औषध जितक्या लवकर तितकं बरं, ७२ तासांच्या आत सुरू व्हावं लागतं आणि २८ दिवस घ्यावं लागतं. सुई त्या-त्या आजाराच्या पेशंटची असेल तर एचआयव्ही लागण्याची शक्यता सुमारे ०.३ टक्के असते. हिपॅटायटिस बी मात्र लस न घेतलेल्याला ६ ते ३० टक्के प्रसंगांत होऊ शकतो.

व्यवस्थापनाचं काम इथे आधीच सुरू होतं. हिपॅटायटिस बीचे तीन डोस ०, १ आणि ६ महिन्यांनी असतात. प्रवेशाच्या आठवड्यातच पहिला दिला नाही, तर मुलं अर्धवट लशीवर वॉर्डात जातात. रोटेशन प्लॅनच्या (प्रश्न ३) कागदावर लशीच्या तारखाही लिहा.

१२. सगळ्यांचे केअर प्लॅन (पेशंटच्या समस्या आणि त्यांवरची काळजी लिहिलेला कागद) सारखेच येतात. हल्ली तर चॅटबॉटकडून लिहून आणतात.

सीनियरच्या वहीतून उतरवायचे तेव्हाही सारखेच यायचे. लांबलचक प्लॅन मागणं बंद करा. दोनच समस्या, दोन्ही आजच्या, आणि तपासणी पेशंटच्या बाजूला उभं राहून. "झोप अपुरी असं लिहिलंयस, काल रात्री किती वेळा उठले हे?" उतरवलेला प्लॅन तिथे टिकत नाही.

१३. प्रॅक्टिकलचे मार्क परीक्षकागणिक बदलतात. काही उपाय?

याच तक्रारीवर स्कॉटलंडमधल्या डंडी इथले वैद्यकीय शिक्षक रोनाल्ड हार्डन यांनी १९७५ मध्ये ओस्की (OSCE) ही परीक्षेची पद्धत मांडली. छोटी-छोटी स्टेशनं, प्रत्येकावर एक काम, ठरलेली चेकलिस्ट आणि सगळ्यांना तेच परीक्षक. एखादा कडक असला तरी तो सगळ्यांच्याच वाट्याला येतो.

हिशेब आधी करा. ५ मिनिटांची १० स्टेशनं, बदलायला प्रत्येकी १ मिनिट: दहा जणांची एक फेरी तासाची. ६० विद्यार्थ्यांना ६ तास लागतील, आणि सहाव्या तासाला परीक्षक कोणालाही पास करतो. दोन समांतर फेऱ्या लावल्या तर ३ तास, पण मग एकाच स्टेशनवर दोन परीक्षक येतात. त्यांना आदल्या दिवशी एकत्र बसवून एकच विद्यार्थी तपासायला लावा. ओस्कीत विद्यार्थी करून दाखवतो, रोज वॉर्डात काय करतो ते तिथे कळत नाही. त्यासाठी प्रश्न १५ आणि १७.

१४. बहुपर्यायी प्रश्न चांगला आहे की वाईट, हे कसं ठरवायचं?

निकालानंतर तपासा. ६० जणांतले वरचे १६ आणि खालचे १६ घ्या, म्हणजे साधारण २७ टक्के. वरच्यांपैकी १३ आणि खालच्यांपैकी ५ जणांचं उत्तर बरोबर असेल तर फरक ८, भागिले १६, म्हणजे ०.५. उत्तम प्रश्न. शून्याजवळ आलं तर प्रश्न कोणालाच वेगळं करत नाही. उणे आलं तर विद्यार्थ्यांना रागावण्याआधी उत्तरसूची तपासा. मला ती दोनदा चुकीची सापडली आहे, दोन्ही माझ्याच.

१५. थिअरीत पहिली, वॉर्डात असुरक्षित. नापास करता येईल?

येईल, आणि कधीकधी करावंच लागतं. कॅथलीन डफी यांच्या स्कॉटलंडमधल्या २००३ च्या अभ्यासात दिसलं की शंका असूनही मार्गदर्शक विद्यार्थ्यांना पास करतात. कारणं ओळखीचीच आहेत: समस्या उशिरा मांडली, कागद नव्हते, वाईट वाटलं, पुढचे बघून घेतील असं समजलं.

कागद पहिल्या आठवड्यापासून हवेत. नोंदीत मत लिहू नका, दिसलं ते लिहा. "निष्काळजी आहे" याला काही अर्थ नाही. "नळी जागेवर असल्याची खात्री न करता फीड सुरू केलं, मी थांबवलं, कारण विचारल्यावर सांगता आलं नाही" याला आहे, तारीख आणि दोघींच्या सह्यांसह. पोस्टिंगच्या मध्यावर लेखी सांगा: काय सुधारायचं, कधीपर्यंत, कोणाच्या मदतीने. दुसऱ्या शिक्षकाला स्वतंत्रपणे बघू द्या. एवढं केल्यावर बहुतेक जणी सुधारतात. जी सुधारत नाही तिच्या बाबतीत निर्णय कठीण राहतो, पण अपिलात टिकतो. ती गुणवत्ता यादीत आहे, हा मुद्दा कोणीतरी बैठकीत काढेलच. त्या वेळी नोंद वाचून दाखवा आणि गप्प बसा.

१६. विद्यार्थिनी गर्भवती आहे. तिला कुठे पाठवू नये?

परस्पर ठरवू नका. तिच्याशी आणि तिच्या डॉक्टरांशी बोलून ठरवा. एक्स-रे व इतर किरणोत्साराच्या जागा, केमोथेरपीची औषधं हाताळणं, थिएटरमधले भुलीचे वायू, आणि रुबेला व कांजिण्यांची प्रतिकारशक्ती, हे मुद्दे विचारून घ्या. बहुतेक वेळा फेऱ्यांचा क्रम बदलला की भागतं आणि रिकामा ठेवलेला आठवडा (प्रश्न ३) कामी येतो. गटाला कारण सांगायची गरज नाही. क्रम बदलला, एवढंच सांगा.

१७. पोस्टिंगचे तास पूर्ण झाले, पण लॉगबुकमधल्या काही प्रोसिजर करायलाच मिळाल्या नाहीत. परीक्षा तोंडावर आहे. विद्यार्थी सही मागताहेत.

न झालेल्या कामावर सही करू नका, "सगळेच करतात" असं ऐकलं तरी. लॉगबुकमध्ये चार रकाने ठेवा: पाहिलं, मदत केली, देखरेखीखाली केलं, मॅनिकिनवर केलं. जे खरं आहे त्या रकान्यात सही. परीक्षेआधी आठ आठवडे सगळी लॉगबुकं गोळा करून कोणत्या प्रोसिजर कोणाच्या राहिल्या याची एकच यादी काढा. मग कळतं की तीसेक जणांच्या त्याच चार राहिल्यात. त्या जिथे होतात तिथल्या इन्चार्जना यादी द्या. बोलावणं येईल तेव्हा, संध्याकाळी का होईना, दोघं-दोघं पाठवा आणि सोबत शिक्षक ठेवा. तरीही राहिलं तर ते प्राचार्यांना लेखी कळवा आणि मॅनिकिनच्या रकान्यात भरा. पुढच्या वर्षीचा प्लॅन काढायला बसाल तेव्हा ही यादी शेजारी ठेवा.